अक्षराचा आकार आणि आकारमान : बालबोध मुद्रणाच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रश्न

‘लोणंद’ हे सातारा जिल्ह्यातील एका बाजारपेठेचे आणि पुणे-मिरज लोहमार्गावरील एका स्थानकाचे नाव आहे. पुस्तकात ते बारा पॉइंटांच्या खिळ्यांत छापले, तर त्याचे अंग सुमारे सव्वाचार मिलिमीटर उंचीचे असते. तेच नाव फलाटावरील पाटीसाठी तीस सेंटिमीटर उंचीत हवे असेल, तर ते सुमारे सत्तर पटींनी वाढवावे लागेल. पुस्तकातील अक्षरात एक दशांश मिलिमीटर जाडीची जी रेघ असेल, ती पाटीवर सात मिलिमीटरांची होईल. गणिताच्या दृष्टीने यात काही अवघड नाही. प्रत्येक बिंदूचे मूळ स्थानापासूनचे अंतर सत्तरने गुणले की काम झाले. परंतु असे गुणून काढलेले अक्षर पाटीवर भरड आणि ओबडधोबड दिसते. उलटपक्षी, पाटीवरचे सुबक अक्षर सत्तराने भागून पुस्तकात आणले, तर ‘द’ची गाठ शाईने भरते आणि ‘ण’च्या दोन उभ्या रेघांमधील अवकाश बुजतो. आकार तोच राहिला, केवळ आकारमान बदलले, असे आपण म्हणतो; पण वाचणाऱ्या डोळ्याला ते मान्य होत नाही.

मराठी मुद्रणाच्या इतिहासावर जे लेखन झाले आहे, त्यात कोणी कोणता छापखाना कधी काढला, पहिले पंचांग कोणी छापले, खिळ्यांची संख्या कशी कमी झाली, या गोष्टींचा पुष्कळ ऊहापोह आढळतो. अक्षर लहान-मोठे करताना त्यात काय कायम ठेवले गेले आणि काय बदलू दिले गेले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा प्रश्न कारागिरीच्या तपशिलाचा नसून इतिहासाच्या साधनांचा आहे. संगणकावर वक्ररेषेचे बिंदू हलविण्याचे जे गणित आज रूढ झाले आहे, ते नीट समजून घेतले तर जुन्या छापील पानाकडून, आजवर मिळाली नव्हती अशी साक्ष काढून घेता येते.

आरंभ मिरजेपासून करणे सोयीचे आहे. भगवद्गीता ताम्रपटांवर खोदून छापण्याचा उपक्रम नाना फडणिसांच्या प्रोत्साहनाने पुण्यात सुरू झाला. तो तेथे तडीस गेला नाही. पुढे मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने १८०५ साली ती गीता मिरजेस छापून निघाली. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मुद्रणविषयक इंग्रजी ग्रंथात या प्रकरणाचा परामर्श घेतला आहे. योगायोगाची गोष्ट अशी की, त्याच १८०५ साली श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण बाहेर पडले आणि त्यात नागरीचे ओतीव खिळे वापरलेले होते. एकाच वर्षी मराठी मुद्रणाचे दोन मार्ग असे समोरासमोर उभे राहिलेले दिसतात. मिरजेच्या तांबटाने पानातले प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे खोदले. एका पानात ‘ण’ वीस वेळा आला, तर तो वीस वेळा नव्याने घडला. श्रीरामपूरला मात्र एक ‘ण’ एकदाच घडला आणि शेकडो वेळा ओतला गेला. इतिहासात जय दुसऱ्या मार्गाचा झाला, हे सर्वज्ञात आहे. पण पुनरावृत्तीची ही कल्पना स्वीकारताच एक नवे बंधन आले : खिळ्याचे अक्षर त्याच्या आकारमानाला जखडले गेले. बारा पॉइंटांचा ‘ण’ चोवीस पॉइंटांत चालत नाही. त्यासाठी दुसरा पंच कोरावा लागतो.

बोरूने लिहिणाऱ्याला ही अडचण नव्हती. बोरूच्या टोकाची रुंदी हे त्याचे परिमाण. अक्षराची उंची इतक्या टोकांची, शिरोरेघेची जाडी इतकी, असे प्रमाण हाताला एकदा बसले की मोठे अक्षर लिहिण्यास रुंद बोरू घ्यावयाचा आणि बारीक अक्षरास निमुळता. येथे वाढ होते ती लेखणीसकट होते. मोडी मात्र या हिशेबात बसत नाही, आणि काहींची समजूत दिसते त्याप्रमाणे ती तिरपी केलेली बालबोधही नव्हे. अक्षर एका बाजूला कलते करणे हे एक भौमितिक रूपांतर आहे, तर मोडी ही हात न उचलता लिहिण्याच्या गरजेतून निघालेली वेगळी रूपव्यवस्था आहे. तिच्यातील वळणे बालबोधीच्या बिंदूंवर कोणतेही सूत्र चालवून मिळत नाहीत.

मुंबईत खिळे पाडण्याचे काम जोमाने सुरू झाले ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात. तेथे टॉमस ग्रॅहम यांनी मराठी अक्षरांचे पंच कोरले. जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) तेथेच या धंद्याशी परिचित झाले आणि पुढे राणोजी रावजी आरू या कुशल पंचकर्त्याच्या साहाय्याने त्यांनी आपली स्वतंत्र ओतशाळा उभारली. १८६९ साली निघालेल्या त्यांच्या निर्णयसागर छापखान्याच्या अक्षरांनी संस्कृत आणि मराठी ग्रंथांना जे रूप दिले, ते पुढे कित्येक दशके आदर्श मानले गेले. मुंबईच्या वळणाचा प्रभाव किती दूरवर पोहोचला, हे ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ या अक्षरांवरून दिसते. उत्तरेकडील जुनी वळणे मागे पडून ही मुंबईची वळणे हिंदीतही रूढ झाली. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. त्याचा विचार पुढे येईल.

पंच कोरण्याची रीत येथे थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे, म्हणजे आरशात दिसेल तसे, कोरावयाचे. कांडीला पाणी देऊन ती कठीण करावयाची. मग तांब्याच्या तुकड्यावर ठोकून तिचा ठसा उमटवावयाचा. हा ठसा म्हणजे मातृका. तीत अक्षर सुलटे असते. मातृकेत धातू ओतला की खिळा निघतो, तो पुन्हा उलटा. आणि कागदावर छापले गेलेले अक्षर सुलटे. पंचापासून पानापर्यंत अशी तीन परावर्तने होतात. ही संख्या विषम असल्यामुळेच पंच उलटा कोरणे भाग पडते. मिरजेच्या ताम्रपटात परावर्तन एकच. तीही संख्या विषम, म्हणून पटही उलटाच खोदावा लागला. परावर्तनात अंतरे आणि कोन जसेच्या तसे राहतात, फक्त दिशा पालटते. त्यामुळे या साखळीत अक्षराचा आकार तत्त्वतः बिघडत नाही.

आकार बदलतो तो आकारमानाच्या टप्प्यावर, आणि तो जाणूनबुजून बदलला जातो. निरनिराळ्या पॉइंटांसाठी पंचकर्ता निरनिराळे पंच कोरी. तेव्हा त्याच्यापुढे मोठ्या अक्षराचे लहान केलेले चित्र नसे, तर लहान अक्षर वाचले कसे जाईल याचा अनुभव असे. बारीक अक्षरात तो शिरोरेघ प्रमाणापेक्षा थोडी जाड ठेवी, कारण अतिशय बारीक रेघ धातूत टिकत नाही. ‘द’ची गाठ आणि ‘ण’मधील पोकळी तो प्रमाणापेक्षा मोकळी ठेवी, कारण शाई कडेने पसरते आणि हा पसर अक्षराच्या आकारमानाबरोबर लहान होत नाही. हे शेवटचे कारण विशेष महत्त्वाचे आहे. कागदावर शाई प्रत्येक कडेला वीस-तीस सहस्रांश मिलिमीटर जरी पसरली, तरी चोवीस पॉइंटांच्या अक्षराला त्याची जाणीव होत नाही. सहा पॉइंटांच्या अक्षराची पोकळी मात्र तेवढ्याने अर्धी होऊ शकते. अनुस्वाराचा बिंदूही बारीक अक्षरात तुलनेने ठळक ठेवावा लागतो, नाहीतर ‘लोणंद’चे ‘लोणद’ व्हावयास वेळ लागत नाही.

याच्या अगदी उलट असे उदाहरण त्याच लोहमार्गावर लोणंदच्या पुढे सापडते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना वसविला. तेथे लोखंडी नांगर तयार होत. ओतकामातील बीड निवताना शंभरास सुमारे एक या प्रमाणात आकसते. म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी ओतकामातील सुतार मुद्दाम वाढीव अंशांची पट्टी वापरतो. येथे सर्व दिशांना एकाच प्रमाणात वाढ केली की पुरते. डोळ्याचा प्रश्नच येत नाही. नांगराच्या फाळाला वाचक नसतो. खिळ्यांच्या धातूत शिशाबरोबर अँटिमनी मिसळलेला असल्यामुळे त्याचे आकसणे फारच थोडे. तेव्हा ओतणाऱ्याला ही पट्टी लागत नसे आणि पंचकर्त्याला ती असून उपयोगाची नव्हती.

हा पंचकर्त्याचा विवेक यंत्राने प्रथम बाजूला सारला. अमेरिकेत लिन बॉइड बेंटन यांनी १८८५ मध्ये ज्या पंच कोरणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळविले, ते पँटोग्राफच्या तत्त्वावर चाले. मोठ्या नमुन्याच्या कडेवरून एक टोक फिरवावयाचे आणि दुसऱ्या टोकाला तोच आकार लहान प्रमाणात कोरला जावयाचा. नमुना एकच आणि त्यावरून पंच वाटेल तितक्या आकारमानांचे. विसाव्या शतकात लायनोटाइप आणि मोनोटाइप या यंत्रांसाठी जी नागरी तयार झाली, तिच्यामागे हीच पद्धत उभी होती. समंजस कारखानदार लहान, मध्यम आणि मोठ्या अक्षरांसाठी वेगवेगळी आरेखने करीत, हे खरे. पण तसे करणे आता खर्चाचे झाले होते, आणि जे खर्चाचे होते ते टाळता येऊ लागले. पुढे प्रकाशाक्षरजुळणी आली तेव्हा भिंगाच्या पुढेमागे सरकण्याने एकाच फिल्मवरून सर्व आकारमाने मिळू लागली आणि तो खर्चही उरला नाही.

संगणकातील अक्षर हे या ओघातील पुढचे पाऊल होय. येथे अक्षर म्हणजे धातू नव्हे आणि फिल्मही नव्हे. ती बिंदूंची एक यादी आहे. फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत, सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ पासून आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी १९६० नंतरच्या दशकात, मोटारीच्या अंगाची वळणे आकड्यांत सांगण्यासाठी जी वक्ररेषा योजिली, तीच १९८४-८५ मध्ये अवतरलेल्या पोस्टस्क्रिप्ट या पृष्ठवर्णनभाषेने अक्षरांसाठी स्वीकारली. चार बिंदू घ्यावयाचे; पहिला आणि चौथा वक्ररेषेची टोके, दुसरा आणि तिसरा वळण ओढून धरणारे नियंत्रक बिंदू. वक्ररेषेवरील प्रत्येक स्थान हा या चार बिंदूंचा भारित मध्य असतो. ट ही राशी शून्यापासून एकपर्यंत वाढत जाते असे मानले, तर चार भार अनुक्रमे (१−ट)³, ३ट(१−ट)², ३ट²(१−ट) आणि ट³ असे असतात. ही चारही पदे मिळवली तर बेरीज [(१−ट)+ट]³ म्हणजे नेहमी १ येते.

सगळी मदार या बेरजेवर आहे. भारांची बेरीज एक असल्यामुळे चार बिंदू सरकविले, वाढविले, फिरविले, कलते केले किंवा एकाच दिशेने ताणले, तरी नव्या चार बिंदूंपासून काढलेली वक्ररेषा आणि जुन्या वक्ररेषेचे प्रत्येक स्थान तसेच हलवून मिळणारी वक्ररेषा या दोन्ही एकच निघतात. गणिती या रूपांतरांना अफाइन रूपांतरे म्हणतात. ‘लोणंद’ या नावाच्या कडेवर स्थाने असंख्य आहेत, पण ती वाढविण्यास शंभर-दीडशे बिंदूंचा गुणाकार पुरतो. एका दृष्टीने ही विलक्षण मुक्ती होय. अक्षर आकारमानापासून पूर्णपणे सुटले.

सुटले खरे, पण काय कायम राहते आणि काय राहत नाही, याचा विसर पडला की ही मुक्ती महागात पडते. जागा अपुरी आहे म्हणून ‘लोणंद’ हे नाव फक्त आडव्या दिशेने शंभराचे साठ केले असे समजू. मूळ अक्षरात कान्याची जाडी ८० एकक आणि शिरोरेघेची ७० एकक असेल, तर कान्याची जाडी ४८ होईल आणि शिरोरेघ मात्र ७०च राहील. जे किंचित बारीक होते ते जाड झाले आणि जाड होते ते बारीक. लेखणीने कोणीही असे लिहिलेले नाही. अनुस्वाराचे वर्तुळ (चार बेझिए वक्रांनी ते साधतात आणि त्रिज्येच्या तुलनेत चूक दहा हजारांत तिनाहून कमी राहते) लंबवर्तुळ होते. आषाढी वारीच्या दिवसांत ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामास येते. त्या वाटेवरील स्वागतफलक पाहिले, तर अशी दाबलेली किंवा ताणलेली अक्षरे पुष्कळ सापडतील. फलक रंगविणारा जुना पेंटर चौरस आखून अक्षर मोठे करी. पण जागा अरुंद असली तर तो काने जवळ आणी, कान्याची जाडी कमी करीत नसे.

जाणता आरेखक संगणकावर हेच निराळ्या रीतीने करतो. तो सगळे बिंदू न निवडता काही निवडतो. ‘ण’ रुंद करावयाचा तर उजव्या कान्याचे सर्व बिंदू एकत्र उचलून बाजूला सरकवावयाचे आणि शिरोरेघेची फक्त टोके ताणावयाची. काना जसाच्या तसा राहतो. येथे एक धोका आहे, आणि नवशिका त्यात हमखास सापडतो. ‘द’च्या पोटासारख्या गोलाईवर जेथे दोन वक्र जुळतात, तेथे सांध्याचा बिंदू आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे नियंत्रक बिंदू एका सरळ रेषेत असले तरच वळण अखंड दिसते. तिघांवर एकच अफाइन रूपांतर केले तर ते एकरेषीय राहतात, कारण सरळ रेषा सरळच राहणे हा या रूपांतराचा गुणधर्म आहे. पण सांध्याचा बिंदू हलविला आणि नियंत्रक बिंदू मागे ठेवले, तर गोलाईत कोपरा पडतो. पोट वाढविताना सांधा आणि त्याचे दोन्ही सोबती बरोबर न्यावे लागतात. वाढीचा मध्यबिंदू कोठे धरला यावर ते कोणत्या बाजूला वाढेल हे ठरते.

दुसरी अडचण जाडीची. अक्षराची कड सर्व बाजूंनी सारख्या अंतराने आत किंवा बाहेर सरकवली, तर मिळणारी रेषा सामान्यतः बेझिए वक्र राहत नाही. तिचे नवे बिंदू अंदाजाने बसवावे लागतात. याच कारणाने डोनल्ड कनुथ यांची मेटाफाँट ही रचनाभाषा मुळात वेगळ्या वाटेने गेली. तीत कडेऐवजी लेखणीचा मार्ग आणि लेखणीचे टोक अशा दोन गोष्टी सांगितल्या जात. मार्ग आधी वाढवून मग त्यावर तीच लेखणी चालविली, तर एक अक्षर मिळते. अक्षर लिहून झाल्यावर लेखणीसकट वाढविले, तर दुसरे. बोरूच्या लेखकाला हा भेद हातानेच ठाऊक होता. संगणकाला तो शब्दांत सांगावा लागला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पिजुश घोष यांनी १९८३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अहवालमालेत भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेविषयी जो अहवाल लिहिला, तो या परंपरेतील आहे. फ्रान्स वेल्टहाउस यांची १९९१ ची देवनागरीही मेटाफाँटमध्येच झाली. व्यवहारात मात्र कडेची पद्धतच जिंकली. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्यासारख्या बोरू आणि संगणक या दोन्हींत हात मुरलेल्या सुलेखनकारालाही ‘मंगल’ हा विंडोज २००० बरोबर घरोघर पोहोचलेला टंक कडेच्या बिंदूंतूनच घडवावा लागला.

बिंदूंच्या गुणाकारात उत्तर अपूर्णांकात येते आणि कागदावर ठिपके पूर्णांकातच पडतात, हीही एक जुनी गोष्ट नव्या रूपाने परत आली. एक हजार एककांच्या चौकटीत ७० एककांची शिरोरेघ, इंचाला ३०० ठिपके देणाऱ्या छपाईयंत्रावर बारा पॉइंटांत साडेतीन ठिपके जाडीची ठरते. ‘ल’वर ती तीन ठिपक्यांची झाली आणि ‘ण’वर चारांची, तर सलग शिरोरेघेला पायरी पडते. रोमन लिपीत असा दोष दोन अक्षरांमधील पांढऱ्या जागेत लपून जातो. नागरीत तो शब्दभर दिसत राहतो. म्हणून टंकामध्ये अशा रेघा एका पातळीवर आणण्याच्या सूचना वेगळ्या भराव्या लागल्या. पंचकर्ता जे डोळ्याने करी, ते आता सूचनांच्या रूपाने लिहिले गेले एवढेच.

२०१६ मध्ये ओपनटाइप या टंकपद्धतीत जी सुधारणा झाली, तिने एका टंकात दोन किंवा अधिक मूळ आरेखने ठेवून त्यांच्या अधली-मधली रूपे काढण्याची सोय केली. येथे बिंदूंना कोणताही सरसकट गुणक लावला जात नाही. प्रत्येक बिंदूचा प्रवास आरेखकाने स्वतंत्रपणे ठरविलेला असतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेच्या २०२२ मधील ‘अनेक’ या टंकात जाडी आणि रुंदी असे दोन अक्ष आहेत. त्याच्या देवनागरीत ‘लोणंद’ अरुंद केले तर काना आणि शिरोरेघ यांचे नाते टिकते आणि अनुस्वार चेपत नाही. आकारमानानुसार आरेखन बदलण्याचा अक्षही या पद्धतीत उपलब्ध आहे. म्हणजे राणोजी आरूंच्या काळी जे प्रत्येक पॉइंटाला वेगळा पंच कोरून साधत होते, ते सव्वाशे वर्षांच्या फेऱ्यानंतर पुन्हा शक्य झाले आहे; देवनागरी टंकांत त्याचा वापर व्हावा तितका झालेला दिसत नाही.

मात्र एक मर्यादा या सर्व गणिताच्या बाहेर आहे. ‘लोणंद’मधील पहिले अक्षर मराठीत पाकळीयुक्त लिहितात, हिंदीत दंडयुक्त. एका रूपाचे बिंदू कोणत्याही अफाइन रूपांतराने दुसऱ्या रूपात जात नाहीत, कारण दोहोंची घडणच निराळी आहे. युनिकोडमध्ये मात्र दोघांना मिळून एकच संकेतांक आहे. कोणते रूप दिसावे हे टंक आणि भाषेची खूण यांवर सोडलेले आहे. महाराष्ट्र शासनाला २०२२ च्या नोव्हेंबरात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह धरणारा निर्णय काढावा लागला, त्यामागे ही परिस्थिती आहे. वळण टिकविणे हा बिंदूंच्या गुणाकाराचा प्रश्न नाही. कोणते बिंदू मुळात घ्यावयाचे, याचा तो आहे.

आता संशोधकाच्या उपयोगाची गोष्ट. समजा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका ग्रंथात मूळ संहिता मोठ्या खिळ्यांत आणि टीका बारीक खिळ्यांत आहे. निर्णयसागरच्या प्रकाशनांत अशी मांडणी नेहमीची आहे. दोन्ही आकारमानांतील ‘ण’ घ्यावेत. सपाट पृष्ठावरील अफाइन रूपांतर

क्ष′ = अ·क्ष + ब·य + इ
य′ = क·क्ष + ड·य + फ

अशा सहा राशींनी पूर्ण ठरते आणि एका रेषेत नसलेले तीन बिंदू त्या सहा राशी देतात. शिरोरेघेचे डावे टोक, कान्याचे खालचे टोक आणि डाव्या गोलाईचा सर्वांत खालचा बिंदू, एवढे घेतले की मोठा ‘ण’ लहान ‘ण’वर बसविता येतो. बाकीची कड किती जुळते हे मग पाहावयाचे. ती सर्वत्र जुळली, तर लहान अक्षर एकाच नमुन्यावरून यंत्राने केलेले असण्याचा संभव मोठा. पोकळी मोकळी आणि रेघ जाड अशा ठराविक दिशेने फरक पडला, तर ते स्वतंत्र पंचाचे काम होय. फरक दिशाहीन असेल, तर तो खिळ्याच्या झिजेचा किंवा शाईचा समजावा.

सर्व दिशांना समान वाढ मानून दोनच बिंदूंवर का भागवू नये, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कागदात आहे. हातछापाच्या काळी कागद ओलसर करून छापीत. वाळताना तो आकसे, आणि यंत्रावर तयार झालेला कागद तंतूंच्या दिशेपेक्षा तिच्या आडव्या दिशेने अधिक आकसतो. दोन ग्रंथांतील, किंवा एकाच ग्रंथाच्या दोन फर्म्यांतील, अक्षरे ताडून पाहताना हा असमान ताण रूपांतरात धरलाच पाहिजे. नाहीतर कागदाचा दोष पंचकर्त्याच्या माथी बसेल. आज पुष्कळसे जुने ग्रंथ छायाचित्रांच्या रूपानेच हाताशी येतात, आणि कॅमेरा पानावर तिरपा असला तर समांतर रेषा समांतर राहत नाहीत. तेथे अफाइन रूपांतरही अपुरे पडते. चार बिंदू घ्यावे लागतात. त्यासाठी पानाच्या चौकटीचे चार कोपरे सोयीचे असतात.

ही तपासणी प्रथम मिरजेच्या गीतेवर करून पाहण्यासारखी आहे, कारण तिचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. त्या पानांत एकाच आकारमानाचे दोन ‘ण’ घेतले तरी कोणत्याही तीन बिंदूंनी ते एकमेकांवर पूर्ण बसू नयेत. प्रत्येक जोडीत फरक असावा आणि तो दर जोडीत निराळा असावा. श्रीरामपूरच्या त्याच वर्षीच्या व्याकरणातील दोन ‘ण’ शाईचा फरक वजा जाता जुळले पाहिजेत. या दोन १८०५ च्या पानांमध्ये जेवढे अंतर निघेल, ते मोजपट्टी म्हणून हाताशी धरून मग मुंबईच्या ओतशाळांच्या खिळ्यांकडे वळावे.